परसातला बांध

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कॉलेजच्या प्राचार्या सन्माननीय माधवीताई, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, आत्ताच माझ्याबद्दल भरभरून बोलून मला खाली मान घालायला लावणारे साईराज सर, इतकी वर्षं माझं कन्नड हसतमुखानं सहन करणारे कन्नड विभागातले माझे स्नेही, कार्यालयातले सहकारी, शिपाई बंधू-भगिनी, आजी-माजी विद्यार्थी, आणि अगदी शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरून बसलेले माझे खास पाहुणे श्री. नागोजी, आपणा सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

नागोजींचं नाव घेतल्यावर बऱ्याच माना मागं वळल्या. हे कोण, असा प्रश्न पडला असेल. ते आपल्या कॉलेजात नव्हते, माझे नातेवाईकही नाहीत. त्यांचा जेसीबी आहे. कंग्राळी गावाच्या बाजूला कुठं पाया खणायचा असला, जागा सपाट करायची असली, बागेसाठी माती पसरायची असली की लोक त्यांना बोलावतात. ते इथं का आले आहेत ते सांगतोच, पण आधी साईराज सरांचं उत्तर देऊ दे.

सर म्हणाले, भीमरत्न सर म्हणजे शांत माणूस, इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. सर, आभारी आहे. पण आज जाता जाता खरं सांगतो. मी शांत नव्हतो. मी दमलेलो होतो. अर्थशास्त्राचे तास, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी, जनगणना, मध्येच एखादा बंद, बंद झाला की बुडालेले तास रविवारी. आपण सीमाभागातले, परिपत्रक कन्नडमध्ये यायचं, चर्चा मराठीत व्हायची आणि खुलासा इंग्रजीत द्यावा लागायचा. यात आवाज चढवायला ताकद कुठून आणायची? आपल्याकडे दमलेल्या माणसाला लोक शांत म्हणतात, आणि तो माणूसही ते खपवून घेतो. मीही घेतलं.

गेले काही महिने स्टाफरूममध्ये प्रत्येकजण एकच विचारत होता, रिटायर झाल्यावर काय करणार? कुणी म्हणालं क्लास काढा, कुणी म्हणालं पुस्तक लिहा. मी सांगत होतो, परसात झाडाखाली खुर्ची टाकून बसणार. सगळे हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मला खरोखरच बसायचं होतं. पण खुर्ची टाकायची तर चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि बांधकामानं खाचखळगे पडलेल्या आमच्या परसात ते टेकत नव्हते. आज मला जे बोलायचं आहे ते एवढ्यावरूनच सुरू झालं. शाल, श्रीफळ दिलंत, आता थोडा वेळ ऐकून घेण्याचीही कृपा करा.

कंग्राळीच्या कडेला आम्ही घर बांधलं हे तुम्हांला माहीत आहे, वास्तूला म्हणजे आमच्या भाषेत गृहप्रवेशाला तुम्ही बरेचजण जेवून गेलात. ती जागा पूर्वी भाताची शेतं होती. आपल्याकडची भाताची शेतं कशी असतात हे गावाकडच्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो. जमीन उतरती असली की पायरीपायरीनं तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा पाण्यासारखा सपाट करतात आणि दोन तुकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घालतात, म्हणजे पाणी तुंबून राहतं आणि भात उभं राहतं. आमचा प्लॉट नेमका अशा दोन तुकड्यांवर पडला. वरच्या तुकड्यावर घर झालं. मागं परस. परसाच्या मधोमध तो जुना बांध आडवा पडलेला, आणि त्याच्या पलीकडं गुडघाभर खाली दुसरा तुकडा.

ते शेत नागोजींच्या वडिलांचं. आणि त्या शेतात लावणीला, भांगलणीला, कापणीला माझी आई मजुरीला जात होती. माझी आई तानीबाई. शाळा नसेल त्या दिवशी तिच्याबरोबर मीही असायचो.

ती जागा मुद्दाम घेतली का, असं मला एकदोघांनी विचारलं. नाही हो. माणूस इतका हिशेबी नसतो. नागोजींच्या भावकीत वाटण्या झाल्या, शेत विकलं गेलं, प्लॉट पडले, आणि माझ्या बजेटात त्या बाजूलाच काय ते मिळत होतं. जागा आईच्या नावावर घेतली, तेवढं मात्र मुद्दाम केलं. कागद झाल्यावर तिला रिक्षातून दाखवायला नेली. प्लॉट कुठून कुठपर्यंत ते मी हात करून दाखवत होतो. ती तिकडं बघतच नव्हती. ती बांधाकडं बघत होती. का ते मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

घर झालं, आम्ही राहायला गेलो. माझी मुलगी अक्षरा पुण्याला असते, ती बागा आखायचं काम करते. आमच्या परसाचा आराखडा तिनंच केला, आणि छान केला. बापाला कौतुक वाटणारच, पण खरंच छान होता. तिनं बांध ठेवला होता. त्याला जांभा दगडाची बाजू, कडेनं गवती चहा, मध्ये उतरायला पायऱ्या. ती म्हणाली, पप्पा, इथल्या पावसात उतारावरची तांबडी माती वाहून जाते, हा बांध ती धरून ठेवेल, शिवाय जुनी खूण राहते, पैसे देऊन सुद्धा अशी गोष्ट मिळत नाही. कागद डायनिंग टेबलावर पसरला होता. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं कागदाकडं पाहिलंही नाही.

म्हणाली, "त्यो बांध काढ."

अक्षरानं समजावलं. आजी, माती वाहून जाईल. आई म्हणाली, जाऊ दे. आजी, तुला चालायला रॅम्प करून देते. नको. मग का काढायचा? तर म्हणे, चालाय अडतंय. आईचे गुडघे गेलेत, चार पायांची काठी घेऊन चालते, त्यामुळं हे कारण अक्षराला पटण्यासारखं होतं. मला ते पटलं नाही, पण मी गप्प राहिलो. मुलीला सगळं कधीतरी नीट बसून सांगायचं होतं. ती लहान होती तेव्हा वाटायचं, मोठी होऊ दे. मोठी झाली तेव्हा वाटलं, सुट्टीला आलेल्या पोरीला आता हे कशाला. सांगायचा नुसता विचार केला तरी मला थकवा यायचा. या सभागृहात माझ्यासारखी आणखी दोनचार माणसं बसली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

शेवटी घर आईच्या नावावर, तेव्हा हुकूम तिचा. बांध काढायचा ठरलं, आणि नागोजींना बोलावलं. दुसरा कुणी नव्हता असं नाही, पण ते काम नीट करतात. आधी वरची कसदार माती हलक्या हातानं खरडून एका बाजूला ढीग लावायचा, मग खालचा मुरूम कापायचा किंवा भरायचा, आणि शेवटी ती चांगली माती परत वरून पसरायची, ही पद्धत ते पाळतात. पुष्कळजण सगळं एकदमच कालवून टाकतात आणि मग लॉन का पिवळं पडलं म्हणून आपण माळ्याला बोलतो.

नागोजी आले, मशीन फाटकातून आत घेतलं आणि बांधासमोर येऊन बंद केलं. खाली उतरले. बांधावर जरा चालून आले. मग मला म्हणाले, सर, ह्याला असा हात लावता येत न्हाय. मला वाटलं, आत पाइप वगैरे आहे की काय. तसं नव्हतं. त्यांच्या घराण्यात रीत होती. बांधाला कुदळ लावायची तर त्यावर नारळ फोडायचा, दहीभाताचा निवद ठेवायचा, आणि तोही शेताच्या मालकाच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं. त्याशिवाय बांध फोडला तर फोडणाऱ्याला लागतो. गावातली निम्मी शेतं त्यांच्याच मशीननं प्लॉटांसाठी सपाट केली, पण प्रत्येक बांधावर आधी नारळ फुटला होता. त्यात हा तर त्यांच्या वाडवडिलांनी घातलेला.

आता अडचण बघा. मालकाच्या घरातलं सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे माझी आई. आणि माझ्या आईनं धम्म घेतल्यापासून कुठल्या दगडाला हात जोडले नाहीत की नारळ फोडला नाही. तुम्ही मला आत्ता जे श्रीफळ दिलंत ते घरी जाऊन सरळ चटणीत पडणार आहे, राग मानू नका. मी आत जाऊन आईला नागोजींचं म्हणणं सांगितलं. आई म्हणाली, मी नारळ फोडत न्हाय. बाहेर येऊन नागोजींना सांगितलं. नागोजी म्हणाले, मग मी बांधाला मशीन लावत न्हाय. परत आत. परत बाहेर. निवृत्तीला आलेला माणूस मी, दोन शिस्तींच्या मधे निरोप्यासारखा फिरत होतो. मला इतका कंटाळा आला की मी पायरीवर बसून राहिलो. म्हटलं, राहू दे तो बांध आणि राहू दे ती खुर्ची.

मग आई स्वतः उठली. काठी टेकत टेकत मागच्या दारात आली. हातात वाटी होती. दहीभातच होता, तिच्या सकाळच्या जेवणाचा. नागोजींनी तिला पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याआधी तीन दिवस ते घरी येऊन मापं घेत होते, पण आईला त्यांनी कोणत्याही नावानं हाक मारली नव्हती. लहानपणी ते तिला तानी म्हणायचे. त्यांच्या घरातलं शेंबडं पोर सुद्धा तिला तानीच म्हणायचं, तसा रिवाज होता. आता तानी म्हणवत नव्हतं आणि दुसरं काही तोंडात येत नव्हतं, म्हणून ते नुसतं "घरात म्हणतील तसं करूया" असं माझ्याकडं बघून बोलायचे.

आई म्हणाली, "बांधाला काय भूक लागत न्हाय. तुला लागली असंल. तू खा, आन् मग काढ."

सभेतल्या तरुण मंडळींना यात काय विशेष, असं वाटेल. एका म्हातारीनं एका कामाच्या माणसाला वाटीभर भात दिला. पण नागोजींच्या घरातल्या कुणी आमच्या घरातलं अन्न कधी खाल्लेलं नव्हतं. त्यांच्या आईवडिलांनी नाही, आजोबांनी नाही. आमचं गृहप्रवेशाचं आमंत्रण होतं तेव्हा ते आले, पाकीट दिलं, आणि पोट बरं नाही म्हणून नुसता चहाही न घेता गेले. नागोजी, तुम्ही मान हलवताय, तेव्हा मी चूक सांगत नाही. हे सगळं इथं सांगू का म्हणून मी त्यांना आधी विचारलं आहे. ते म्हणाले, सांगा की सर, आता झाकून काय करायचं.

नागोजींनी वाटी घेतली. बांधावर बसले. खाल्लं. घाई केली नाही, आणि फार सावकाशही नाही, भूक लागलेला माणूस खातो तसं खाल्लं. वाटी धुऊन दाराशी ठेवली, मशीनवर चढले आणि बांधाला खोरं लावलं. त्यांना लागलं वगैरे काही नाही, ते इथं धडधाकट बसलेले आहेत.

मला वाटलं, सुटलो. पण खरी गंमत पुढंच झाली.

नागोजींनी वरचा तुकडा कापला, खालचा भरला, दोन्ही एकत्र केले, आणि वरून चांगली माती पसरली. दोन दिवस माणूस खपत होता. आम्ही मागच्या दारात उभं राहून बघत होतो, काय सुंदर सपाटी. कॅरम बोर्ड ठेवावा अशी. कडेनं मातीचा छान उंच काठ त्यांनी हातानं दाबून बसवला. भरलेली माती बसावी म्हणून अक्षरानं सांगितलं होतं पाणी सोडा, तेव्हा संध्याकाळी पाइप सोडून दिला. सकाळी दार उघडलं तर परसात तळं. काठोकाठ. आणि पाणी मागं सरकून मागच्या पायरीला लागलेलं.

नागोजी आले, पाण्याकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अहो, बागेच्या जागेला घरापासून लांब ढाळ द्यायचा असतो, म्हणजे पाणी वाहून जातं. ते त्यांना माहीत आहे, शंभर बंगल्यांना त्यांनी तसा ढाळ दिला असेल. पण हे त्यांचं शेत होतं. लहानपणापासून त्या मातीवर चिखलणीनंतर पाणी तुंबावं म्हणून सपाटीची फळी फिरवलेली. म्हणाले, सर, हात आपोआप तसाच गेला, मी बागेचं काम करतोय हेच इसरून गेलो. बागेच्या नावाखाली त्यांनी आमच्या परसात लावणीसाठी तयार, कडेला काठ असलेला, एक नंबर भाताचा वाफा करून ठेवला होता. ही चूक फक्त भात पिकवलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. मला त्यांच्यावर रागावताही येईना.

अक्षरा मात्र चिडली. तिला दोन दिवसांत पुण्याला परतायचं होतं. सगळं परत खरडायचं, परत ढाळ द्यायचा, परत माती पसरायची, आणि ढगही भरून यायला लागले होते. तेव्हा नागोजींनीच मार्ग काढला. म्हणाले, घराच्या अंगाला हातभर उंचीचा बांध घालतो, अर्ध्या दिवसाचं काम, पाणी पलीकडंच राहील, घराला लागणार न्हाय. अक्षरानं जरा विचार केला आणि म्हणाली, चालेल, त्याला मी जांभ्याची बाजू देते, दिसेल पण छान. दोघं माझ्याकडं बघायला लागले.

आणि मी हो म्हटलं.

मी विचार केला नाही असं नाही. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आलाच. पण मी दमलो होतो. मला वाटलं, हातभर तर बांध, तिला काय दिसतोय. संपवा एकदाचं. आयुष्यभर मी असंच संपवत आलो, हे मीटिंगांना माझ्याबरोबर बसलेल्यांना ठाऊक आहे. कुणी काही आडवं घातलं की मी वळसा घालून जायचो आणि लोक म्हणायचे, सर किती समजूतदार.

आई मागं दारात येऊन उभी होती, ते आम्हांला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. ती अक्षराला म्हणाली, इकडं ये, बस. अक्षरा पायरीवर बसली. आई उभीच राहिली. आवाज चढवला नाही. तिच्या तोंडून हे मी त्याआधी कधीच ऐकलेलं नव्हतं, जे ठाऊक होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं म्हणून.

"ह्या बांधाच्या खालतीकडनं मी जेवाय बसत हुतो. बाकीची वरतीकडनं. तान लागली की ह्याची आई बांधावर उभारून वरनं पाणी वतायची, माझ्या वंजळीत. भसाभस वतायची. निम्मं पोटात जायाचं, निम्मं कोपरावरनं गळायचं. लुगडं भिजायचं. तसंच भिजलेलं घिऊन परत लावणीला. हात एवढाच बांध हुता त्यो. त्येच्यावरनं पोरं उड्या मारायची. मला वलांडता याचा न्हाय." मग काठी त्या पाण्याकडं करून म्हणाली, "उतार घाल. पाणी जाऊ दे. माती जाऊ दे. पर माझ्या दारात अल्याड-पल्याड घालू नको."

अक्षरा माझ्याकडं बघायला लागली. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. कारण आईच्या वंजळीशेजारी एक लहान ओंजळ माझीही असायची, आणि तेही तिला तेव्हाच कळलं असणार.

नागोजी त्या तळ्याच्या काठावर उभे होते. टोपी हातात. पहिल्यांदाच ते आईकडं बघून बोलले.

"आक्का, आई न्हवं. मी वतत हुतो. आई दमलेली असायची, मला सांगायची, जा रं, तानीला पाणी घाल. बऱ्याच बारीला मीच हुतो."

आई म्हणाली, "ठाऊक हाय की मला. तू हळू वतत हुतास. तुझ्या हातचं सांडत न्हवतं."

मंडळी, मी अर्थशास्त्र शिकवलं. वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आलो की माणूस आपला फायदा बघून निवड करतो. त्या सकाळी माझ्या आईनं त्या माणसाला त्याच्या आईच्या नावाआड लपायला जागा दिली होती. त्यानं ती घेतली नाही. मग तिच्यापाशी द्यायला जे होतं ते तिनं काढून त्याच्या हातात ठेवलं, की बाबा, तुझ्या हातचं पाणी मला पोचत होतं. यातलं मला काहीही कुठल्या धड्यात घालता येत नाही. मी कुणाला दोष द्यायला उभा नाही, आणि कुणाला माफ करायलाही नाही. ते माझं काम नाही. जिचं लुगडं भिजायचं तिनं ते बघायचं, आणि आईनं बघितलं.

नागोजी मशीनवर चढले. कडेचा तो काठ फोडला, पाणी मागच्या नाल्याकडं काढून दिलं, ऊन लागून माती वाळेपर्यंत थांबले, आणि मग सगळं पुन्हा केलं. चांगली माती पुन्हा खरडून ढीग. पुन्हा मुरूम. घराच्या पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखा वीतभर ढाळ, मध्ये कुठं उंचवटा नाही, कुठं पायरी नाही. अक्षरानं परतीचं तिकीट रद्द केलं. पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून ती एका टोकाला उभी राहायची आणि नागोजी दुसऱ्या टोकाला. दोघं एकमेकांना ओरडत होते, वर घ्या, खाली घ्या. माती वाहून जाऊ नये म्हणून तिनं सगळीकडं गवत लावलं. थोडी वाहिलीच. वाहू दे, असं आता मीही म्हणतो.

माझी खुर्ची अजून मी टाकलेली नाही. उतारावर तिचे पाय नीट टेकत नाहीत, हे एक झालं. त्याचं बघेन पुढं.

बोलण्याच्या ओघात फार लांब गेलो. माधवीताई घड्याळाकडं बघत नाहीत हा त्यांचा मोठेपणा. या कॉलेजनं मला पोट दिलं, मान दिला, माझ्या मुलीचं शिक्षण याच पगारावर झालं, त्याचं ऋण मी मानतो. कार्यालयातल्या मंडळींनी माझी अर्धवट बिलं पूर्ण केली, शिपाईभगिनी मालुबाईंनी कितीतरी वेळा त्यांच्या डब्यातली चटणी माझ्या डब्यात घातली, कन्नड विभागानं माझ्या अर्जांतल्या चुका दुरुस्त केल्या. विद्यार्थ्यांनी वर्गात झोपा काढल्या, पण माझ्यापेक्षा हळू आवाजात. सर्वांचे मनापासून आभार. आणि नागोजी, तुम्ही दाराजवळ बसून का होईना पण आलात, तुमचे खास.

तुमच्यातल्या कित्येकांनी आल्याआल्या विचारलं, आईंना का नाही आणलं? मी सकाळी तिला म्हटलं होतं, आई, चल की, कॉलेजनं गाडी पाठवली आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय. ती परसात होती. मागच्या दारातून निघून काठी टेकत टेकत भिंतीपर्यंत जायची, भिंतीला हात लावायची आणि परत यायची. परत जायची. मी म्हटलं, काय करतीस आई? काही सांडलंय का? काही शोधतीयस का? ती थांबली सुद्धा नाही.

म्हणाली, "काय न्हाय. फिरतोय. तू जा."

माझ्या आईला मी कामाला जाताना पाहिलं आहे आणि कामावरून येताना पाहिलं आहे. डोक्यावर बुट्टी घेऊन, काखेत मला घेऊन, पाणी आणायला, जळण आणायला, रेशनला, दवाखान्याला. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही, कुठं पोचायचं नाही आणि कुणी थांबवत नाही, अशी चालताना मी तिला या साठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता तरी मी बघत उभा राहिलो. त्यामुळंच मला यायला उशीर झाला आणि आपणा सर्वांना ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाच्या मनाला काही लागलं असेल, तर तेही आपल्या घरातल्या माणसाचं म्हणून सांभाळून घ्या. मला जेवणासाठी थांबायचा आग्रह मात्र करू नका. ती अजून फिरत असेल, आणि मला ते परत एकदा बघायचं आहे.

जय भीम. नमस्कार.